पाच चाळीसचा ठेका

१२ जानेवारी २०२५, रविवार. मलकापूर

काल चाळिसावा झाला. जेवायला एकशे दहा माणसं होती. भाड्याची भांडी आज सकाळी परत केली. एक पातेलं कमी निघालं, ते मागच्या दारी सापडलं. मुलगी अर्फा आणि जावई तारिक साडेदहाच्या गाडीने कडेगावला गेले. दुपारी झोपलो. संध्याकाळी नळाला पाणी आलं नाही.

ही डायरी तारिकने दिली. मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. बत्तीस वर्षं गाड्या पुकारल्या आणि वेळा लिहिल्या, त्यामुळे लिहायची सवय आहे. घरात आम्ही दखनी बोलतो, पण शाळा मराठी झाली, म्हणून लिहिता मराठीच येतं. काय लिहायचं ते ठरवलेलं नाही.

बायकोशिवायचा, रहिमतबीशिवायचा आज एक्केचाळिसावा दिवस.

१५ जानेवारी, बुधवार

अर्फाचा फोन आला. नात अरिबाचं लग्न ठरल्याप्रमाणे वीस एप्रिललाच करायचं. मुलगा खंडाळ्याचा आहे. रहिमतबीनेच दवाखान्यात बजावलं होतं की माझ्यासाठी तारीख हलवायची नाही.

अर्फा म्हणाली, "हळदीला स्पीकर लावू, अब्बा. आता ढोलकी कोण वाजवणार?"

मी बरं म्हणालो. फोन ठेवल्यावर आठवलं, रहिमतबीने अरिबाला शब्द दिला होता. "हात मोडला तरी तुझ्या हळदीला ढोलकी आपल्या घरचीच वाजणार." मी तेव्हा शेजारी बसून पेपर वाचत होतो.

आमच्यात लग्नघरी बायका आत ढोलकी घेऊन बसतात, पुरुष बाहेर. ती भावकीतल्या सगळ्या लग्नांत वाजवायची, शेजारपाजारच्याही. मी कधी नीट ऐकलं नाही. एसटीचा माणूस म्हणून प्रत्येक लग्नात गाड्यांचं काम माझ्याकडे असायचं. एकदा परत येताना तिने विचारलं होतं, "आज कसं वाजलं?" मी म्हणालो, "सगळ्या गाड्या वेळेवर सुटल्या." ती हसली होती असं वाटतं. नक्की आठवत नाही.

१९ जानेवारी, रविवार

ढोलकी माळ्यावरून काढली. धूळ होती म्हणून ओल्या फडक्याने दोन्ही बाजूंची कातडी पुसली. मग आवाजच येईना, भिजलेल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखं. उन्हात ठेवली. तीन तासांनी उजव्या बाजूला चीर गेली.

तिच्या हातात पंचवीस वर्षं टिकली. माझ्या हातात एक दिवस.

स्वयंपाकघरही आवरलं. एका स्टीलच्या चमच्याच्या पाठीवर पोचेच पोचे आहेत. टाकून देणार होतो, पण चहाला बरा आहे म्हणून ठेवला.

२३ जानेवारी, गुरुवार

कराडला मंडईच्या मागे कोंडीबा म्हणून एकजण आहे. हलगी, पखवाज, ढोलकी सगळ्यांना कातडं चढवतो. भजनात वाजवतोही. वय माझ्याएवढंच. त्याने चीर बघितली.

"पाणी लावलं?"

"पुसलं."

"कातडं हाय त्ये पाव्हणं, फरशी न्हाई." मग ढोलकी फिरवून बघितली. "दोरी बाईमाणसानं वढलीया. गाठ बघा, येणीची गाठ हाय. कुणाची?"

मी सांगितलं. त्याने डोक्याची टोपी काढून परत घातली. थोड्या वेळाने म्हणाला, "आता वाजवणार कोण?"

"बघू," मी म्हणालो.

सोमवारी या म्हणाला. दोरी तीच ठेवतो, गाठही तशीच मारतो म्हणाला. मी तसं सांगितलं नव्हतं.

२ फेब्रुवारी, रविवार

शिकायचं ठरवलं आहे. तिने दिलेला शब्द तसाच राहायला नको. हळदीला अडीच महिने आहेत. कुणाला सांगणार नाही. जमलं नाही तर स्पीकर आहेच.

आमच्यात दुखवटा तीन दिवसांचा, बाईला नवऱ्यासाठी चार महिने दहा दिवस. पुरुषाला वेगळं काही नाही. तरी घरातून ढोलकी ऐकू आली तर लोक काय म्हणतील हे मनात येतं. म्हणून दुपारी तीन ते चार वाजवतो. तेव्हा गल्लीत कुणी नसतं. खिडक्या लावून घेतो.

वाजवायचं काय हा प्रश्न होता. तो सुटला. तिच्या फोनमध्ये एक आवाजाची नोंद सापडली, चार मिनिटांची. तिचीच ढोलकी आहे, मला तेवढं कळतं. वर तारीख आहे, ८ मे २०२२, सायंकाळी ५.४०. त्या दिवशी शेजारच्या लीलाबाईंच्या मुलीचं, शिवांजलीचं लग्न होतं. मला दिवस पक्का आठवतो, कारण पाच चाळीसला नवरीची गाडी फाटकाशी लावायला जागाच नव्हती आणि मी एका ट्रॅक्टरवाल्याशी भांडत होतो. आत बायकांची हळदीची गाणी चालली असणार.

ठेका संथ आहे. गाणं कुणी म्हणत नाही. मागे बायकांचा गलका आहे आणि फोनजवळची कुणीतरी सारखी नाक ओढते आहे. मे महिन्यात सर्दी.

१० फेब्रुवारी, सोमवार

बोटं सुजली आहेत. डाव्या हाताने जाड आवाज काढायचा, उजव्याने बारीक. दोन्ही हात एकच गोष्ट करतात. डावा उजव्याची नक्कल करतो.

कोंडीबाकडे दोरी ताणून घ्यायच्या निमित्ताने गेलो. त्याने माझा हात धरून बघितला.

"बघू म्हणणाऱ्याची बोटं सुजत न्हाईत," तो म्हणाला. "बसा हितं. भाकरी थापता येती का?"

"आता करतो. येत नाही."

"ती शिका आधी. तळवा टेकवायचा आन् सोडायचा. भाकरी दाबली की चिकाटली. कातड्याचं तसंच हाय. तुमी दाबून धरताय, त्येचा जीव जातोय."

परत येताना ज्वारीचं पीठ आणलं. तिन्ही भाकऱ्या तुटल्या. दुधात कुस्करून खाल्ल्या.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

ठेका असा आहे: तीन थापा, मग एक जागा रिकामी. तीन थापा येतात. रिकामी जागा येत नाही. मी लवकर पुढे जातो. नोंदीत त्या रिकाम्या जागेत बारीक टक असा आवाज येतो. तो कुठून येतो ते कळत नाही. तिच्या बांगडीचा असेल.

कोंडीबाला वाजवून दाखवलं. तो हसला.

"आवं साहेब, तुमी ष्ट्यांडावर हाय का आजून? तीन थापा झाल्या की गाडी सोडताय. थांब्यावर थांबा की जरा. मानूस चढायचं हाय."

"कोण माणूस?"

"त्ये मला काय ठावं? पर जागा ठिवलीया म्हंजी कुणीतरी येनार आसंल."

मग म्हणाला, "हळदीला लय हळू वाटतंय मला. पर तुमच्यातल्या बायकांचं मला म्हाईत न्हाई." मलाही माहीत नाही, हे त्याला सांगितलं नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज पावणेचारला दारावर थाप पडली. लीलाबाई होत्या. आमची भिंत एकच आहे. त्यांचे मालक फौजेत सुभेदार होते, तेही चार वर्षांपूर्वी गेले. त्या रहिमतबीला भाबी म्हणायच्या आणि मला भावजी म्हणतात. हातात झाकलेली वाटी होती. डोळे लाल होते.

"आवं भावजी," म्हणाल्या आणि थांबल्या. आत ढोलकीकडे बघितलं. "शेंगदाण्याची चटणी हाय. खावा." मग उभ्याच राहिल्या. "कवापासनं वाजवताय?"

"तुम्हाला त्रास होत असेल तर बंद करतो."

"न्हाई वं. वाजवा तुमी." पदर तोंडाला लावून गेल्या.

त्यांची दुपारची झोप मोडत असणार. स्वभाव भिडस्त, म्हणून बोलल्या नाहीत. उद्यापासून ढोलकीखाली गोधडी घेतो.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

गोधडी घेऊनही आवाज जात असावा. आज वाजवायला बसलो की पलीकडून लसूण ठेचल्यासारखा आवाज सुरू झाला. बरोबर माझ्या रिकाम्या जागेत पडत होता. माझ्या तीन थापा, त्यांचं टक. एक फायदा झाला, मला थांबता आलं. पहिल्यांदाच चार मिनिटं न चुकता वाजलं. मी थांबल्यावर त्यांचाही लसूण संपला.

रोज इतका लसूण एका माणसाला कशाला लागतो?

२ मार्च, रविवार

रोजे सुरू झाले. महिनाभर ढोलकी बंद. कपड्यात गुंडाळून कपाटावर ठेवली. बोटं मात्र मांडीवर चालतात. मशिदीत शेजारच्याने माझ्या हातावर हात ठेवला, तेव्हा कळलं.

१९ मार्च, बुधवार

तिच्या हातचं सुकं मटण आठवलं आणि भूक लागली. रोजात असं लिहू नये.

इफ्तारीला लीलाबाईंनी केळी आणि खजूर पाठवले. दर वर्षी पाठवतात. दर वर्षी घ्यायला रहिमतबी दारात जायची. मी घेतले आणि रिकामं ताट परत दिलं. आत आल्यावर लक्षात आलं, ती ताट रिकामं देत नसे. परत जाऊन अर्धा किलो साखर दिली. लीलाबाई म्हणाल्या, "भाबी चिमूटभर टाकायच्या, भावजी." तरी घेतली.

१ एप्रिल, मंगळवार

काल ईद झाली. अर्फा, तारिक, अरिबा येऊन गेले. अरिबाने आजीचं कपाट उघडलं आणि साड्यांवर तोंड ठेवून उभी राहिली. मी बाहेर जाऊन त्यांनी आणलेल्या गाडीच्या टायरची हवा बघितली.

जाताना तिने विचारलं, "नाना, नानीची ढोलकी कुठाय?"

"दुरुस्तीला दिली आहे," मी म्हणालो. ढोलकी माझ्या पलंगाखाली होती, ते येणार म्हणून कपाटावरून काढून लपवली होती.

"हळदीला आणाल? कुणी वाजवू नका, नुसती समोर ठेवायची."

हो म्हणालो. माझ्या तोंडून सगळं निघणार होतं. निघालं नाही ते बरं झालं.

९ एप्रिल, बुधवार

कोंडीबाला शेवटचं वाजवून दाखवलं. तो डोळे मिटून ऐकत होता.

"बसलं," म्हणाला. "वस्तादागत न्हाई. पर खरं हाय." दोरी ताणल्याची मजुरी घेतली नाही. "नातीला आशीर्वाद सांगा. आन् पानी लावू नगा."

मला भीती एकच आहे. इतक्या बायकांपुढे मी कधी बोललोही नाही. स्टँडवर माझा आवाज गावभर जायचा, पण मी खोलीत बसलेला असायचो.

१८ एप्रिल, शुक्रवार. कडेगाव

सकाळी निघालो. लीलाबाईही लग्नाला आल्या. निघताना माझ्याकडे आल्या, सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि फळीवरचा तो पोचे पडलेला चमचा काढून घेतला.

"ह्यो घिते," म्हणाल्या. पर्समध्ये टाकला. प्रवासात चमचा कशाला, ते विचारलं नाही. त्यांना औषध घ्यायचं असेल.

गाडी सात मिनिटं उशिरा सुटली. ढोलकी मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टर म्हणाला, "मामा, हिचं तिकीट?" मी ओळखीचा निघालो, मग हसला.

१९ एप्रिल, शनिवार. कडेगाव

आज जे झालं ते लिहायला बसलो आहे, पण सरळ लिहिता येत नाही.

हळद संध्याकाळी होती. बायका आत, आम्ही ओसरीवर. मध्ये पडदा. स्पीकर लावला होता. थोड्या वेळाने अरिबाने तो बंद करायला लावला आणि ढोलकी मागितली. कुणाची तरी नणंद वाजवू लागली, पण तिला दोरी घट्ट लागली. हसाहशी झाली.

मी पडद्याबाहेरून म्हणालो, "मी वाजवतो."

आत सगळ्याच हसल्या. एक म्हातारी म्हणाली, "नाना, गाडी पुकारा त्यापेक्षा. नवरदेवाला लागलीच बोलवा." तारिक माझ्याकडे बघतच राहिला. अर्फाने ढोलकी पडद्याखालून बाहेर सरकवली. मी पडद्याला पाठ लावून बसलो आणि सुरू केलं.

चांगलं वाजत होतं. रिकाम्या जागा नीट पडत होत्या. आत हळूहळू बोलणं थांबलं. मला वाटलं, ऐकताहेत. मला बरं वाटलं, हे कबूल करतो. गाणं कुणी उचललं नाही तरी नोंदीतही गाणं नव्हतं, म्हणून चालू ठेवलं. मग आतून कुणीतरी नाक ओढलं. मग आणखी कुणी.

पडदा बाजूला झाला. अर्फा खाली बसली आणि तिने माझ्या दोन्ही हातांवर हात ठेवले. हळदीचे होते. कातड्यावर पिवळे ठसे उमटले.

"अब्बा, हे आत्ता नको."

तिच्यामागे अरिबा दिसली. तोंडाला हळद आणि त्यातून पाण्याचे ओघळ. ती म्हातारी आत म्हणत होती, "पोरीची पाठवणी आजच करता काय रे? अजून निकाह व्हायचाय."

मी उठलो. चप्पल सापडेना, तसाच बाहेर गेलो आणि मांडवाच्या टेम्पोमागे जाऊन उभा राहिलो.

लीलाबाई तिथे आल्या. माझ्या चपला त्यांच्या हातात होत्या. खाली ठेवल्या.

"भावजी, तुमाला ठावं न्हवतं?"

"काय?"

"ह्यो पाठवणीचा ठेका. पोरगी उंबरा वलांडती तवाचा. भाबीच वाजवायच्या, दुसरं कोन न्हाई. हळदीचा लय येगळा, उड्या मारत येतो. माझ्या शिवूच्या वक्ताला वाजवलावता त्यांनी. आमच्यात रीत न्हाई, तरी वाजवला. मी समोर बसून चमच्यानं लाकडावर टक टक करत हुते. डोळ्याला दिसत न्हवतं मला."

मला पाच चाळीस आठवलं. ट्रॅक्टरवाला आठवला.

"मग तुम्ही मला सांगितलं का नाही? फेब्रुवारीपासून ऐकत होता."

त्या पदराशी खेळत राहिल्या.

"मला काय ठावं तुमी हळदीसाठी शिकताय? मला वाटलं, भाबीची पाठवणी करताय. त्यांना कुनी वाजवून लावून दिलं न्हाई म्हून. त्यात मधी कसं बोलू? एकटं वाजवताय, चमचा न्हाई, म्हून मी आपली खलबत्त्यावर साथ करत हुते."

टेम्पोच्या मागच्या दिव्याची काच फुटली होती, ती बघत राहिलो. लीलाबाई आत गेल्या. आत स्पीकर परत लागला होता.

शब्द पाळायला आलो आणि पोरीच्या हळदीत रडं आणलं. उद्या लवकर उठून गाड्यांचं काम घ्यावं हे बरं. ते मला येतं.

२० एप्रिल, रविवार. कडेगाव

निकाह साडेअकराला झाला. जेवणं अडीचपर्यंत चालली. खंडाळ्याच्या माणसांच्या तीन गाड्या आणि एक बस. मी सकाळीच कोणती कुठे लावायची ते खडूने रस्त्यावर आखून ठेवलं. बायकांकडे गेलो नाही.

साडेपाचला रुखसतीची, म्हणजे पाठवणीची गडबड सुरू झाली. नवरीची गाडी फाटकाशी घ्यायची होती. मी ड्रायव्हरला हात करत होतो, तेवढ्यात तारिक आला.

"अब्बा, तुम्ही आत जा. अर्फा बोलावते."

"गाडी मागे घ्यायची आहे."

"मी घेतो. जा."

उंबऱ्याबाहेर, चौकटीला लागून, एक खुर्ची ठेवली होती. खुर्चीवर ढोलकी. कालचे पिवळे ठसे तसेच होते. खुर्चीसमोर जमिनीवर लीलाबाई बसल्या होत्या आणि त्यांच्या हातात आमच्या घरचा चमचा.

अर्फा म्हणाली, "कालचं आज वाजवा." मग जवळ येऊन हळू म्हणाली, "माझ्या वेळी अम्मीने वाजवलं होतं. तेव्हा तुम्ही जीपला ट्रंका बांधत होता. मी मागे वळून बघत होते, तुम्ही दिसला नाहीत."

मी बसलो. ढोलकी मांडीवर घेतली. कोंडीबाचं आठवून तळवा टेकवला आणि सोडला. तीन थापा झाल्या. रिकाम्या जागेत लीलाबाईंचा चमचा पडला. टक.

अरिबा आतून निघाली. दोघी धरून आणत होत्या. उंबऱ्याशी थांबली, माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या तोंडावर रहिमतबीचा चेहरा आला. माझा हात चुकला. एक फेरा पूर्ण गेला. थापा कुठे पडल्या मला माहीत नाही. पण चमचा थांबला नाही, आपल्या जागी पडत राहिला, आणि तो धरून मी परत आलो.

अरिबाने उंबरा ओलांडला. माझ्या डोक्यावर हात ठेवला, मोठ्या माणसासारखा. मी वाजवत होतो, मला हात उचलून तिच्या डोक्यावर ठेवता आला नाही. बहुतेक तिला कळलं.

ती गाडीत बसेपर्यंत वाजवलं. गाडी वळल्यावर फाटकाबाहेर दिसेनाशी झाली तरी थोडं वाजवलं. ते तिच्यासाठी नव्हतं. लीलाबाईंनाही ते समजलं असावं, त्या चमचा थांबवेनात. मग आम्ही दोघं थांबलो.

तारिकने गाडी मागे घेताना मडगार्ड फाटकाला घासलं. मी असतो तर घासलं नसतं.

२१ एप्रिल, सोमवार. मलकापूर

दुपारी दोनला परत आलो. लीलाबाई कराडच्या स्टँडवरूनच सांगलीला शिवांजलीकडे गेल्या. चार दिवस राहणार म्हणाल्या. चमचा परत दिला.

घर बंद होतं, वास येत होता. खिडक्या उघडल्या. ढोलकी माळ्यावर ठेवली नाही, कपाटावर ठेवली. कातडं कोरड्या फडक्याने पुसलं. हळदीचे ठसे गेले नाहीत, मी जोर लावला नाही.

नळाला पाणी आलं होतं. दोन कळश्या भरल्या. चहा ठेवला. एक कप. साखर टाकून पोचे पडलेल्या चमच्याने ढवळली, चमचा धुतला आणि फळीवर जागच्या जागी ठेवला.